कर्ण ‘अनौरस’ की ‘कानीन’?

प्रश्न असा आहे: कर्णाला सर्रास ‘अनौरस पुत्र’ म्हणतात, मग पंडूपासून न झालेल्या पांडवांना तो शब्द का लावत नाहीत?

मूळ अर्थाने पाहिले तर तो त्यांनाही लागतो. ‘उरस्’ म्हणजे छाती, त्यावरून ‘औरस’. लग्नाच्या पत्नीच्या पोटी स्वतःपासून झालेला मुलगा तो औरस. या व्याख्येत पांडव बसत नाहीत. विचित्रवीर्य निपुत्रिक वारल्यावर सत्यवतीच्या सांगण्यावरून व्यासांनी नियोगाने, म्हणजे कुळाच्या संमतीने त्याच्या विधवांच्या पोटी, जन्माला घातलेले धृतराष्ट्र आणि पंडूही बसत नाहीत. पण आजच्या मराठीत ‘अनौरस’ म्हणजे लग्नाबाहेर जन्मलेला, आणि त्यात हिणवणे आहे. ते हिणवणे आपण कर्णाच्या वाट्याला घालतो.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे 12 प्रकार सांगितले आहेत. औरस हा त्यांतला पहिला. धृतराष्ट्र, पंडू आणि पाचही पांडव ‘क्षेत्रज’, म्हणजे पतीच्या किंवा कुळाच्या संमतीने पत्नीला दुसऱ्यापासून झालेले. पत्नीला क्षेत्र, शेत, म्हणणे मला खटकतेच. पण हस्तिनापूरच्या गादीचा वारसा दोन पिढ्या या एका शब्दावर तरला. विदुरही व्यासांचाच मुलगा, पण दासीच्या पोटी झाला, म्हणून गादीसाठी त्याचा विचारही झाला नाही.

कर्णासाठी नेमका शब्द ‘कानीन’. तो ‘कन्या’ यावरूनच आला आहे: लग्नाआधी मुलीला झालेला पुत्र. स्वतः व्यासही कानीनच, आणि त्यांना कोणी त्यावरून कमी लेखत नाही. शास्त्राप्रमाणे कानीनाचा बाप म्हणजे त्याच्या आईशी पुढे लग्न करणारा पुरुष. उद्योगपर्वात कृष्ण हाच आधार घेतो. तू धर्माने पंडूचा मुलगा, पांडवांत थोरला, म्हणून राज्य तुझे, असे तो कर्णाला सांगतो. जो शब्द आज आपण शिवीच्या जवळ नेऊन ठेवला, त्याच्या जोरावर तिथे राज्य देऊ केले जात होते!

आता थोडे खोलात. मनूने हे 12 प्रकार सहा-सहांत विभागले आहेत. पहिले सहा नातलगही आणि वारसही. दुसरे सहा नातलग, पण वारस नाहीत. कानीन दुसऱ्या सहांत येतो. आणि आईबापांनी टाकलेले मूल दुसऱ्याने आपले म्हणून घेतले तर तो ‘अपविद्ध’. हा प्रकार पहिल्या सहांत आहे. म्हणजे या यादीने मोजले तर कुंतीने टाकलेल्या कर्णाचे, त्याला वाढवणाऱ्या सूत अधिरथाच्या घरातले स्थान पंडूच्या घरातल्यापेक्षा पक्के ठरते. इतर स्मृतींत क्रम बदलतो, त्यामुळे कृष्णाचा दावा खोटा पडला असे मी म्हणणार नाही.

कर्णाचे उत्तर मात्र याद्यांच्या पलीकडचे आहे. अधिरथाने माझे जातकर्म, म्हणजे जन्माचा संस्कार, केले, वसुषेण हे नाव ठेववले, माझी लग्ने लावली; त्याच्या पत्नीला, राधेला, मला पाहून पान्हा फुटला. हे नाते राज्यासाठी किंवा भीतीपोटी मोडणार नाही, असे तो सांगतो. शिवाय ही गोष्ट युधिष्ठिराला कळू देऊ नकोस अशी विनंतीही करतो, कारण मी थोरला हे कळले तर युधिष्ठिर राज्य घेणार नाही, आणि ते माझ्याकडे आले तर मी दुर्योधनाला देऊन टाकीन.