गाडी बाजूला घ्या म्हटलं की

प्रिय बाळा,

तुझी आई सांगत होती की सेकंड हॅन्ड गाडी घेतलीस आणि आता पोरंपोरी मिळून पुण्याहून गोव्याला निघालाय. "काका, मध्ये पोलिसांनी अडवलं तर काय करायचं" असं तू व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंस आणि मी नुसता अंगठ्याचा इमोजी टाकला, राग मानू नको, त्याचं उत्तर दोन ओळीत मावत नाही आणि मला मोबाईलवर टाईप करायला वेळ लागतो. आज बसलोय निवांत. टुरिस्ट गाडी आधी स्वतः चालवली मग ड्रायव्हर ठेवले, त्यामुळं नाकाबंदी हा विषय आमच्या घरात जेवताना सुद्धा निघतो.

सगळ्यात आधी एक डोक्यात घट्ट बसव. रस्त्यावर उभं राहून केस जिंकता येत नाही. तुझं बरोबर असलं तरी नाही. तिथं एकतर "जा" म्हणून घ्यायचं, आणि ते नाही म्हणाले तर कागद घ्यायचा. पावती, पोच, पंचनामा, काय असेल ते. भांडण नंतर त्या कागदावर होतं, ऑनलाईन नाहीतर कोर्टात. आमच्याकडं नवीन पोरगा ड्रायव्हर म्हणून लागला की त्याला पहिल्या दिवशी मी हेच सांगतो आणि तो पहिल्याच आठवड्यात हुज्जत घालून येतो ते वेगळं.

निघायच्या आधी कागद बघ. लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅप मधलं चालतं, २०१८ पासून नियमातच आहे की कागद दाखवा किंवा इलेक्ट्रॉनिक दाखवा. पण गॅलरीतला फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे हे तुमच्या पिढीला पण सांगावं लागतं, आणि आंबोली घाटाच्या आसपास रेंज गेली की अ‍ॅप उघडत नाही, म्हणून लायसनचं कार्ड खिशात असू दे. तुझी गाडी जुनी आहे, आरसीवर तुझं नाव चढलंय का? १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे ती हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बसवलीय का? आणि आधीच्या मालकाची किती चलानं पेंडिंग आहेत ते महाट्रॅफिकच्या साईटवर गाडी नंबर टाकून आजच बघ, कारण चौकात तो माणूस मशीनमध्ये नंबर टाकतो आणि मागच्याची सगळी कुंडली तुझ्यासमोर येते, मग तू म्हणणार ही माझी नाहीत आणि तो म्हणणार गाडी तर हीच आहे ना. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानची म्हणून एपीके फाईल, म्हणजे अ‍ॅप टाकायची फाईल, आली तर हात लावू नको, ती सरळ फसवणूक आहे, बँक खातं धुवून जाईल.

आता हात दाखवला की काय. इंडिकेटर देऊन डावीकडं घे, इंजिन बंद, गाणी बंद, रात्र असेल तर आतला लाईट लाव आणि काच पूर्ण खाली घे. अर्धी काच खाली करून बोलणाऱ्याचा पोलिसांना पहिला संशय येतो. उतरायची घाई करू नको, उतर म्हटलं की उतर. नाकाबंदी लांबून दिसली म्हणून यू टर्न मारायचा किंवा बॅरिकेडच्या फटीतून काढायचा विचार पण करू नको, साधं पाचशे हजारचं काम तिथं पोलीस केस होऊन बसतं. "नमस्कार साहेब" म्हण, बाई असतील तर मॅडम. बोलायचं फक्त ड्रायव्हरनं, मागच्या सीटवरचा एखादा लॉ करणारा मित्र असतोच आणि त्याला तिथंच कायदा शिकवायचा असतो, त्याला आधीच गप्प बसायला सांगून ठेव. मामा मंत्रालयात आहेत, अमका आमदार आपला आहे, असलं काही नको, त्यानं अर्ध्या वेळा काम उलटंच होतं.

वर्दीतल्या पोलिसानं मागितलं की लायसन दाखवावंच लागतं, मोटार वाहन कायद्याचं कलम १३०. त्यानं लायसन ठेवून घेतलं तर कलम २०६ खाली त्याची पोच द्यावी लागते, ती माग, नम्रपणे पण माग. चावी काढून घेणं, टायरमधली हवा सोडणं, हे कुठल्या कायद्यात नाही. तरी कोणी चावी काढलीच तर तू हात धरून हिसकावू नको. "साहेब, चावी द्या, गाडी कडेला लावतो" एवढंच म्हण, नेमप्लेटवरचं नाव बघ, बक्कल नंबर बघ, वेळ आणि जागा लक्षात ठेव, तक्रार घरी जाऊन करता येते. इतकं सांगतोय कारण हात लागला की विषय संपतो. लोक अजून जुन्या दंड संहितेचं "३५३ लागेल" म्हणतात, नवीन न्याय संहितेत ते १३२ झालंय, सरकारी माणसाला कामात अडवण्यासाठी मारहाण किंवा धक्काबुक्की, आणि हे अजामीनपात्र आहे. हेल्मेट सीटबेल्टच्या चलानासाठी निघालेला माणूस या कलमात अडकलेला मी बघितलाय, आणि सुरुवात नुसत्या खांद्याला हात लावण्यानं झालेली. सीटबेल्ट वरून आठवलं, मागच्यांनी पण लावायचा, सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला ना, ते मागंच बसले होते.

चलान झालं तर मशीनमधून होऊ दे. गाडी ज्याच्या नंबरवर रजिस्टर आहे त्याला मेसेज येतो, म्हणून आरसीला तुझा मोबाईल लिंक हवा. "इथं या नंबरवर गूगल पे करा" म्हटलं आणि तो नंबर कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याचा निघाला तर करू नको. आणि तू स्वतःहून "साहेब बघा ना काहीतरी" हे तर अजिबात म्हणू नको. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ ला दुरुस्ती झाली, त्यानंतर लाच देणारा पण आरोपी होतो, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली की सुटका आहे, अँटी करप्शनचा नंबर १०६४. लोक म्हणतात काका तुम्ही लय आदर्शवादी, अरे आदर्शवादी कसला, हिशेब आहे. शंभर दोनशे देऊन सुटलेल्या ड्रायव्हरला त्या नाक्यावर पुढच्या खेपेला बरोबर ओळखतात.

दारूचं जास्त सांगत नाही. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, आणि प्रकरण कोर्टात जातं, नाक्यावर मिटत नाही. फुंकायला नळी नवीन लावा असं नम्रपणे म्हण. पण फुंकणारच नाही म्हणालास आणि त्यांना संशय असला तर तिथल्या तिथं अटक करता येते. एकानं प्यायची नाही आणि त्यानंच चालवायची, बस.

आता गाडी तपासण्याचं, खरा घोळ इथं होतो. तुम्ही पोरं रील्सवर अमेरिकेतले व्हिडिओ बघता, तिथला माणूस काचेमागून म्हणतो माझी झडतीला संमती नाही आणि पोलीस मागं सरकतो. तो कायदा तिकडचा. इथं कराड नाहीतर कागलच्या पुढं कोणी डिकी उघडा म्हटलं आणि तू संमती नाही म्हणालास तर तुझी दोन तासांची सोय झाली. आपल्याकडं संरक्षण वेगळ्या ठिकाणी आहे, ते नकारात नाही, ते कागदात आणि साक्षीदारात आहे. म्हणून डिकी उघड, पण तूच उघड. बॅगा तूच बाहेर काढ, एकेक, आणि शेजारी उभा रहा. एक बॅग बंद झाली की दुसरी. दोघं पोलीस दोन बाजूंनी एकदम गाडीत शिरले तर म्हण की साहेब एकेक बाजू बघूया, मी दाखवतो. कोणीतरी एक मित्र थोडा लांब उभा राहून व्हिडिओ काढू दे, तोंडाजवळ कॅमेरा नेऊन नाही आणि लाईव्ह तर नाहीच. व्हिडिओ बंद कर म्हणून दम दिला तर एवढं माहीत असू दे की २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं अगदी पोलिस ठाण्याच्या आतला व्हिडिओ सुद्धा ऑफिशियल सिक्रेट्स कायद्याखाली गुन्हा धरला नाही. पण हे माहीत असणं आणि त्याच्या तोंडावर फेकणं यात फरक आहे.

मी उगाच घाबरवत नाहीये. ऑगस्ट २०२४ ला मुंबईत खार पोलिस ठाण्याचे चार जण निलंबित झाले, झडती घेताना एका माणसाच्या खिशात काहीतरी सरकवताना सीसीटीव्हीत दिसले म्हणून. कॅमेरा नसता तर त्या माणसाचं काय झालं असतं बघ. बहुतेक पोलीस असले नसतात, बारा बारा तास उन्हात उभे असतात बिचारे, पण तू बहुतेकांसाठी तयारी करायची नसते.

काही सापडलं आणि जप्त करायचं म्हणाले की मग नीट प्रोसिजर सुरू होते, आणि इथं तू सावध हवास. १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या १०५ कलमात झडती आणि जप्तीचं ऑडिओ व्हिडिओ रेकॉर्डिंग करायलाच सांगितलंय, म्हणजे कॅमेरा त्यांनीच लावायचा. दोन पंच, म्हणजे बाहेरचे साक्षीदार, हवेत, पंचनामा हवा, जप्तीच्या यादीची प्रत तुला हवी. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता सही करायची नाही, काही चुकीचं लिहिलं असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिही की हे मला मान्य नाही. अटक केली तर कारण सांगावं लागतं, घरी कळवू द्यावं लागतं आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. बरोबरच्या मुलींची अंगझडती फक्त बाई पोलिसानंच घ्यायची, त्या नसतील तर येईपर्यंत थांबा, गडबड नाही. आणि "मोबाईल अनलॉक करा, चॅट दाखवा" म्हणाले तर ते डिकी उघडण्यासारखं नाही. फोन कशासाठी हवा ते लेखी द्या म्हणायचं आणि तिथं थांबायचं.

गांजाबद्दल. तू करत नाहीस मला माहीत आहे, पण मागच्या सीटवरच्या बॅगा तुझ्या नाहीत आणि गाडी तुझी आहे. एक किलोच्या आत म्हणजे कायद्यानं अल्प प्रमाण, तरी वर्षभरापर्यंत कैद, आणि माल नेणारी गाडी पण जप्त होऊ शकते, मग मला माहीत नव्हतं हे पटवत तू फिरणार. निघायच्या आधी सगळ्यांना स्पष्ट विचार, वाईटपणा आला तरी. एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, केसमध्ये अंगझडती घ्यायची असेल तर राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या म्हणायचा हक्क आहे, कलम ५०, आणि तो हक्क तुम्हाला सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. फक्त हे अंगावरच्या झडतीला, बॅगेला आणि गाडीला नाही.

येताना गोव्याच्या हद्दीजवळ बांदा, इन्सुली. तिथं उभे असतात ते राज्य उत्पादन शुल्कचे, खाकीच घालतात पण खातं वेगळं. गोव्याच्या दुकानदाराकडून "दोन बाटल्या चालतात हो" हे ऐकून येऊ नको. ज्या बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी लिहिलंय ती महाराष्ट्रात आणली की एक सुद्धा बेकायदेशीर, दारूबंदी कायद्याचं ६५ ई लागतं आणि बाटलीबरोबर गाडी अडकते. चार बाटल्यांत वाचणारे पैसे आणि कोर्टातून गाडी सोडवायचा खर्च, तूच गणित कर. काजू आण त्यापेक्षा.

निवडणूक लागलेली असेल तर आचारसंहितेची पथकं वेगळी. पन्नास हजारांच्या वर रोख असेल तर बँकेची स्लिप, कशाचे पैसे याचा कागद जवळ ठेव. ती पथकं कोणालाच सोडत नाहीत, नोव्हेंबर २०२४ मध्ये वणीला उद्धव ठाकरेंची बॅग तपासली. चिडले होते ते, पण बॅग उघडू दिली आणि व्हिडिओ काढत एकेकाला नाव विचारत राहिले. राजकारण सोड, पण नाक्यावर वागायचं असंच, टोमणे तेवढे कमी.

रात्री आजरा ते सावंतवाडी पट्ट्यात कोणी साध्या कपड्यात बॅटरी दाखवून थांबवलं, ना बॅरिकेड ना गाडी, तर थांबायची गरज नाही. पार्किंग लाईट चालू कर, सावकाश पुढं जात रहा, ११२ ला फोन मागच्या सीटवरून लावायला सांग आणि पेट्रोल पंप किंवा माणसं दिसतील तिथं थांब. खरे पोलीस असतील तर तिथं येतील आणि तू त्यांना हेच कारण सांग.

चुकीचं चलान आलं तर भरून मोकळा होऊ नको, फोटोत नंबर आपलाच आहे का ते आधी बघ, आमच्या पांढऱ्या एर्टिगाला एकदा भलत्याच गाडीचं आलं होतं. साईटवर तक्रारीचा पर्याय आहे, तिथं फोटो जोडून टाक आणि तक्रार नंबरचा स्क्रीनशॉट ठेव. मला पण पाठव, इथं ट्रॅफिक ऑफिसला जाणं येणं असतंच माझं.

तुझा,
काका