वाचकांचे प्रश्न : गावचे मंडळ आणि गावची कला

प्रश्न : आमच्या गावातील महिला बचत गट आणि तरुणांचे मंडळ यांनी मिळून प्राथमिक शाळेची कुंपणाची भिंत आणि एसटीचा थांबा रंगवण्याचे ठरवले आहे. वारली चित्रे सोपी आणि सर्वांच्या ओळखीची असल्यामुळे बहुतेकांचा कल तिकडे आहे. काही ज्येष्ठांना मात्र ते पसंत नाही. आम्ही काय करावे? शिवाय दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे निघतात, त्यावरही उपाय सुचवावा.
— एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : ज्येष्ठांचे म्हणणे आपण पुन्हा एकदा शांतपणे ऐकून घ्यावे, असे आम्हाला वाटते. वारली चित्रे ही डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील वारली समाजाची कला आहे. लग्नघरात कुडाच्या भिंतीवर गेरूचा हात देऊन त्यावर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा आणि त्या चौकात पालघाट देवीला बसवायचे, हा मान तिथल्या सवाशिणींचा. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला लग्नाच्या चौकाबाहेर आणून जगापुढे नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण जोडून माणूस काढता येतो, एवढ्यावरून ती सोपी ठरत नाही. जिथे ती रुजली आहे तिथल्या कोणाला बोलावून, त्यांच्याकडून शिकून ती काढणार असाल, तर त्यात गैर काही नाही. परंतु छापील नमुने समोर ठेवून आकृत्या उतरवण्याचाच बेत असेल, तर आम्ही ज्येष्ठांच्या बाजूचे आहोत.

याचे मुख्य कारण असे की आपल्याच तालुक्यात पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रे दाखवत आख्यान सांगण्याची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने वाढवल्या आणि आश्रय गेल्यानंतरही मोठ्या हालअपेष्टेत जपल्या. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्याचेच कलादालन केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा महाराष्ट्रातील अनेकांना पिंगुळीचे नाव पहिल्यांदा ऐकू आले. एवढी थोर परंपरा हाकेच्या अंतरावर असताना आपल्या शाळेतील मुलांनी ती केवळ पुस्तकात वाचावी, हे आम्हाला मनापासून खटकते.

मात्र चित्रकथी भिंतीवर आणताना तिचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. ही चित्रे एकेकटी टांगण्यासाठी काढलेली नसतात. रामायण-महाभारतातील एका आख्यानाची चित्रे क्रमाने लावून त्यांची पोथी होते, आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने कथेकरी एकेक चित्र पुढे करत ते आख्यान सांगत जातो. सांगणारा नसेल तर चित्र अर्धेच राहते. म्हणून आमची सूचना अशी की सुटी, देखणी वाटणारी चित्रे निवडू नयेत. एकच लहान आख्यान घ्यावे, शाळेच्या फाटकापासून भिंतीच्या टोकापर्यंत त्याचे प्रसंग क्रमाने यावेत, आणि काम पूर्ण झाल्यावर त्याच भिंतीसमोर संध्याकाळी ते आख्यान गावाला ऐकवले जावे. कोणते आख्यान निवडायचे, डोळे कसे काढायचे, रंग कोणता कुठे यायचा, हे कलावंताने ठरवावे. मंडळाने भिंत घासणे, पांढरा हात देणे, रेषेत रंग भरणे, मुलांना सांभाळणे आणि कलावंताची जेवणाची व राहण्याची व्यवस्था पाहणे, ही कामे घ्यावीत.

मानधनाचा विषयही आधीच बोलून घ्यावा. मंडळाचे सभासद विनामोबदला राबतात, म्हणून कलावंतानेही विनामोबदला यावे, अशी अपेक्षा गावोगावी सर्रास केली जाते. आपण संध्याकाळचे दोन तास देतो आणि आपली चूल दुसऱ्या मिळकतीवर चालते. त्याची चूल या कामावर चालते. रक्कम, दिवस आणि रंगांचा खर्च हे कागदावर लिहून घ्यावे, काही रक्कम आगाऊ द्यावी, आणि भिंतीच्या कोपऱ्यात देणगीदाराच्या नावाआधी कलावंताचे नाव व गाव रंगवावे. शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांची लेखी परवानगीही घेऊन ठेवावी.

आता रंगाविषयी. आपल्याकडचा बराच दोष रंगाचा नसून भिंतीतील ओलीचा असतो. जांभ्याची भिंत पावसाळाभर पाणी पिते आणि दिवाळीपर्यंत वरून कोरडी दिसली तरी आतून ओलीच असते. अशा भिंतीवर प्लास्टिक रंगाचा जाड थर दिला की ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि पोपडे सुटतात. काम माघ-फाल्गुनापर्यंत थांबवावे. भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. आतून दव जमले तर भिंत अजून तयार नाही, असे समजावे. जुना रंग आणि फुटलेले पांढरे क्षार तारेच्या ब्रशने खरवडून काढावेत. खाली चुन्याचा हात असेल तर भिंत श्वास घेऊ शकते. जमिनीलगतचा हातभर पट्टा चित्राविना ठेवावा, कारण तांबड्या मातीचे शिंतोडे तिथेच उडतात. भिंतीच्या माथ्यावर पन्हळी पत्र्याचे किंवा कौलांचे लहानसे पाखे काढता आले तर उत्तमच. ते शक्य नसेल तर मृगाआधी विणलेल्या झावळ्यांची झापे चित्रांवर बांधावीत. आपल्या आजी-आजोबांनी पडवी अशीच राखली.

प्रश्न : आमचे महिला मंडळ गंजिफा या पत्त्यांच्या जुन्या खेळातील दशावतारांची चित्रे संगणकावर छापून, लाकडी तबकड्यांवर चिकटवून जत्रेत विकू इच्छिते. यातून येणारा निधी वाचनालयाला देणार आहोत. यात काही अडचण आहे का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : हेतू चांगला आहे, मार्ग बदलावा. दशावतारी गंजिफाचा संच १२० पानांचा असतो : दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्श्यापर्यंतची दहा पाने. राजाच्या पानावर अवतार असतो आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंतच्या पानांवर त्याची खूण मोजून काढलेली असते. ही सगळी वर्तुळाकार पाने हाताने रंगवली जातात. ही कला विझत आली असताना सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी यांच्यासारख्या जुन्या कारागिरांचे हात पुन्हा कामाला लावले, म्हणून ती आज आपल्यापर्यंत पोहोचली. छापील नक्कल ‘सावंतवाडी गंजिफा’ म्हणून स्वस्तात विकली गेली, तर हाताने रंगवणाऱ्याचे पान महाग वाटू लागते, आणि ज्यांच्या कलेच्या नावावर आपण निधी उभा करतो त्यांचेच गिऱ्हाईक आपण तोडतो. शिवाय सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन आहे. १९९९च्या कायद्यानुसार असे नाव मालावर लावण्याचा अधिकार नोंदणीकृत वापरकर्त्यांनाच असतो.

मंडळाने कारागिरांकडून त्यांच्या भावाने पाने विकत घ्यावीत, जत्रेत त्यांची मांडणी करावी आणि ठरलेला वाटा वाचनालयाला द्यावा. त्याहून मोलाचे काम म्हणजे खेळ शिकवणे. गंजिफा हा मुळात खेळ आहे, आणि आज तो काचेच्या चौकटीत अडकला आहे. वाचनालयात आठवड्यातून एकदा डाव मांडला आणि एका तरी पिढीला तो खेळता येऊ लागला, तर पानांना मागणी आपोआप येईल.

प्रश्न : अशा उपक्रमांसाठी मुंबईतील चाकरमान्यांकडून वर्गणी घ्यायची आहे. मंडळ नोंदवणे आवश्यक आहे का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : काम वर्षानुवर्षे चालवायचे असेल तर नोंदणी करावीच. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात सभासद लागतात, आणि सार्वजनिक हेतूची संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० याखालीही नोंदवली जाते. एकाच उपक्रमापुरती वर्गणी गोळा करायची असल्यास त्याच कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. पावतीपुस्तक क्रमांकाचे असावे, पैसे कोणाच्या खासगी खात्यात जाऊ नयेत, आणि गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हाच सभा घेऊन हिशेब वाचून दाखवावा.

प्रश्न : आम्ही मुलांसाठी बांबूच्या टोपल्यांचे एक दिवसाचे शिबिर घेतो. मुलांनी केलेल्या वस्तू काही महिन्यांत भुंग्याने पोखरल्या जातात आणि पीठ गळू लागते. काय करावे?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : दोष मुलांच्या हातात नसून बांबू तोडण्याच्या वेळेत आहे. बांबूमध्ये पिष्ट असते आणि भुंगा त्यासाठीच येतो. कोवळा किंवा ऐन पावसात तोडलेला बांबू हमखास पोखरला जातो. आपल्याकडचा माणगा जवळजवळ भरीव, बिनकाट्यांचा आणि कामाला उत्तम. तो तीन वर्षांचा झाल्यावर, पावसाळा सरल्यानंतर तोडावा. तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला तर पिष्ट बरेच निघून जाते. नंतर तो सावलीत वाळवावा. शोभेच्या वस्तूंसाठी बोरिक आम्ल दोन भाग व टाकणखार तीन भाग घेऊन पाण्यात सुमारे पाच टक्क्यांचे द्रावण करावे आणि त्यात कांबी भिजवाव्यात. सूप, रोवळी आणि धान्याच्या टोपलीला मात्र हे द्रावण लावू नये.

एक दिवसाच्या शिबिराबद्दल मात्र आमचे मत वेगळे आहे. पहिल्या दिवशी कोयतीने कांब सरळ फाडता आली तरी पुष्कळ झाले. बेळ, म्हणजे विणायची पट्टी, एकसारखी पातळ काढणे ही त्यापुढची पायरी, आणि विणकाम त्यानंतरचे. तयार बेळा मुलांच्या हाती देऊन संध्याकाळी प्रत्येकाला टोपली घरी नेता येते, परंतु शिकण्याचा मुख्य भाग त्यात निसटून जातो. त्यापेक्षा शनिवारची शाळा सुटल्यावर, पावसाळा संपल्यापासून शिमग्यापर्यंत, थोड्याच मुलांना गावातील बुरुडांच्या अंगणात बसवावे. त्यांचा त्या दिवसाचा रोज भरून द्यावा, कारण तेवढा वेळ त्यांचे विणकाम थांबते. आणि शेवटी प्रदर्शन भरवायचेच असेल, तर मुलांच्या टोपल्या विक्रीला ठेवू नयेत; विक्रीला बुरुडांचाच माल मांडावा.