घडीव तांब्याला चिंच नको

प्रश्न : एका कलाकाराने एकाच पत्र्यातून ठोकून घडवलेले तांब्याचे पात्र संग्रहासाठी घेतले आहे. त्यावरचा तपकिरी रंग चिंचेने उजळावा का? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर : कृपया नको! तो मळ नव्हे, कलाकाराने मुद्दाम आणलेला थर आहे. चिंच-मिठाने तो विरघळतो आणि पात्राचे मोलही उतरते. मऊ सुती कापडाने कोरडे पुसा. वर्षातून एकदा मेणाचा अगदी पातळ हात देऊन मऊ कापडाने हलके घासा. वडोदऱ्याच्या पावसाळ्यात वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो आणि डाग पडतात.

पुढचे पात्र घेताना काठ नखाने तपासा. ठोकताना तांबे कडक होत जाते. मध्येमध्ये लालसर तापवून मऊ केले नाही, तर बहुधा काठालाच बारीक चीर जाते. पॉलिशने ती झाकली जाते, बुजत नाही.