बांधावरचा ‘रानटी ल्युपिन’ आणि खुळखुळ्याच्या जाती

दादा, तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. यावलकडच्या केळीच्या बागेचा बांध, पिवळी फुलं, झाड ओळखणाऱ्या ॲपने सांगितलेलं नाव ‘रानटी ल्युपिन’. तुमचं विचारणं असं की याच्या दोन-तीन जाती दिसतात, त्या वेगळ्या कशा ओळखायच्या आणि बैलांनी खाल्लं तर चालेल का.

ॲपचं नाव आधी सोडून द्या. ल्युपिन मुळात अमेरिका खंडातले आणि भूमध्य समुद्राच्या आसपासचे. आपल्याकडे हिवाळ्यात हौसेनं कुंडीत लावतात तेवढेच. सातपुड्याच्या पायथ्याला बांधावर ते आपसूक उगवत नाहीत. तुमच्याकडे आहे तो खुळखुळा, म्हणजे क्रोटालारिया, आपल्या तागाचाच भाऊबंद. ॲप फसलं त्यालाही कारण आहे. दोन्ही शेंगवर्गीय, दोन्हींचा तुरा शेंड्याला उभा. फूल उकलून बघितलं तर दोन्हींत दहा पुंकेसर बुडाशी जोडलेले, त्यातल्या पाचांचे परागकोश लांबट आणि पाचांचे आखूड. फरक आहे तो पानात आणि शेंगेत. ल्युपिनच्या एका देठाच्या टोकाला पाच-सहापासून दहा-बारापर्यंत पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे छोटे भाग, पंजासारख्या पसरतात. खुळखुळ्याचं पान एक तर साधं असतं, नाहीतर त्रिदल. (पाच पर्णिकांचा क्रोटालारिया क्विंकेफोलिया आहे, पण तो पाणथळ जागेतला, भातखाचराच्या कडेचा.) ल्युपिनची शेंग चपटी, याची फुगीर, आणि वाळली की आत बिया वाजतात.

मग दुसऱ्या फोटोत पाच पर्णिकांचं पान आलं कुठून? ते पिवळ्या तिळवणीचं आहे. फुलाला चारच पाकळ्या, सगळ्या एका बाजूला वळलेल्या, शेंग बारीक आणि उभी. झाडाला हात लावा, बोटं चिकट होतील. दोन्ही झाडं एकमेकांत शिरलेली आहेत, त्यामुळे पान एकाचं आणि फूल दुसऱ्याचं असा घोळ झालाय.

आता पहिला फोटो. साधं पान, देठाकडे निमुळतं, टोकाकडे रुंद आणि टोकाला मधोमध बारीक खाच. वरची मोठी पाकळी पिवळी, तिच्या पाठीवर तांबूस-जांभळ्या रेघा. शेंग गुळगुळीत, लव नाही. ही बहुधा घागरी, क्रोटालारिया रेटुसा. हिच्याशी हमखास गल्लत होते ती क्रोटालारिया स्पेक्टाबिलिसची, कारण फूल आणि शेंग जवळपास सारखीच. इथे फुलाकडे बघत बसू नका. पानाच्या देठाशी खोडाला लागून उपपर्णं असतात, ती बघा. घागरीत ती सुईच्या टोकाएवढी, शोधावी लागतात. स्पेक्टाबिलिसमध्ये ती चांगली पानासारखी रुंद असतात, आणि प्रत्येक कळीच्या बुडाशीही हृदयाच्या आकाराचं ठसठशीत छद, म्हणजे फुलाखालचं छोटं पान, असतं. फूल गळून गेलेल्या झाडावरही ही खूण चालते, म्हणून माझा भरवसा तिच्यावर जास्त.

तिसरा फोटो त्रिदल पानाचा. तुरा लांब, फुलं दाटीनं, पिवळ्यावर तपकिरी-तांबूस रेषा, शेंगा खाली लोंबलेल्या आणि टोकाशी किंचित वळलेल्या. हा क्रोटालारिया पॅलिडा. रस्त्याकडेला, पडीक जागेत हाच जास्त भेटतो. मुरमाड जमिनीवर त्रिदल पानाचं पण जमिनीलगत पसरलेलं, वाटाण्याएवढ्या गोल शेंगेचं झुडूप दिसलं तर तो क्रोटालारिया मेडिकाजिनिया. त्या शेंगेत बिया दोनच असतात. निळसर-जांभळी फुलं आणि चौकोनी खोड असेल तर क्रोटालारिया व्हेरुकोसा, त्यात चुकायला जागाच नाही. आणि ताग तुम्हाला मी काय सांगणार? अरुंद साधं पान, मखमली लवेची शेंग. हिरवळीच्या खतासाठी पेरलेला बोरू, म्हणजे हाच ताग, बी पडून बांधावर उरतोच.

बैलांचं म्हणाल तर खाऊ देऊ नका. घागरी आणि स्पेक्टाबिलिस या दोन्हींत मोनोक्रोटालिन नावाचं अल्कलॉइड, म्हणजे झाडातलं विषारी द्रव्य, असतं, बियांत सगळ्यात जास्त. ते यकृत खराब करतं, आणि लक्षणं कधी कधी कित्येक आठवड्यांनी दिसतात, त्यामुळे कारण चाऱ्यात आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. शेळ्या-मेंढ्या बऱ्यापैकी सोसतात. गुरं, घोडे, डुकरं, कोंबड्या नाही. माणसालाही हे विष चुकत नाही. 1970 च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा जिल्ह्यात गोंदली या बारीक धान्यात खुळखुळ्याचं बी मिसळून यकृताच्या आजाराची साथ आली होती, माणसं दगावली होती. म्हणून खळ्यावर धान्य येण्याआधी, शेंगा हिरव्या असतानाच, पिकातली ही झाडं उपटा.

बांधावरची मात्र सगळी काढू नका, असं माझं मत. ढोरं तिकडे चरत नसतील तर दोन-चार झाडं राहू द्या. मोडलेल्या, वाळत चाललेल्या खुळखुळ्यावर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर ही फुलपाखरं, तीही मुख्यतः नर, हेच अल्कलॉइड शोषायला येतात. त्यावरच ते मादीला ओढून घेणारा गंध तयार करतात.

पहिल्या झाडाचं उपपर्ण फोटोत पानाआड गेलंय. देठाच्या बुडाचा, खोडासकट, जवळून एक फोटो टाका, आणि एक फोडलेल्या शेंगेचा. म्हणजे घागरी की स्पेक्टाबिलिस ते नक्की सांगतो.