लेक म्हणते ‘मला हंगेरियन नाटकात काम करायचंय’ : बुडापेस्टच्या एका आईला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही मूळच्या नाशिकच्या, मिस्टरांच्या आयटीतल्या नोकरीमुळे दहा वर्षं बुडापेस्टला. लेक सातव्या वर्षापासून तिथल्या हंगेरियन शाळेत, आता अकरावीला. घरात मराठी, बाहेर हंगेरियन, आणि तुम्हीच लिहिलंय की झोपेत बडबडते ती पण हंगेरियनमध्येच. तिला अॅक्ट्रेस व्हायचंय, त्यातही डबिंगचं जास्त वेड. तुमच्या डोक्यात मेडिकल, कारण भारतातून मुलं लाखो रुपये भरून सेमेलवाइसला, देब्रेत्सेनला इंग्लिशमधून डॉक्टर व्हायला येतात आणि आपली तिथेच राहून नाटकात जाते म्हणते. तुम्ही विचारलंय तीन गोष्टी : पोट भरतं का, आपल्या रंगाच्या मुलीला काम कोण देणार, आणि नाटक नकोच असेल तर नुसतं आवाजाचं काम करता येईल का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण बाकीचे दोन त्यालाच लटकलेत.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं बुडापेस्टला होते. माझं हंगेरियन भाजी आणण्यापुरतं, पण आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक नटी राहायची, तिला माझ्या हातचे पोहे आवडायचे त्यामुळे गप्पा व्हायच्या. तिचा दिवस ऐका. सकाळी दहाला तालीम, दुपारी दोनपर्यंत. मग सँडविच खात खात ट्राम पकडून डबिंग स्टुडिओ, तिथे कुठल्यातरी टर्किश सिरियलमधल्या मोठ्या बहिणीचा आवाज, कधी कार्टूनमधली खार. सहाला परत थिएटर, मेकअप, सातचा प्रयोग. त्यात कधी सिनेमाचं शूटिंग लागलं तर सुट्टीच्या दिवशी. आणि रोज रात्री नाटक वेगळं, कारण तिथे आपल्यासारखं एकच नाटक घेऊन दौरा नसतो, एका थिएटरची स्वतःची कंपनी असते आणि त्यांची सात-आठ नाटकं आलटून पालटून चालू असतात.

म्हणजे स्टेज, स्क्रीन आणि व्हॉइस ही तिथे तीन करिअर नाहीतच, बहुतेक बायकांसाठी एकाच दिवसाचे तीन भाग आहेत, आणि मूळ आहे स्टेज. डबिंगचे डायरेक्टर आवाज शोधायला कुठे जातात तर नाटकाला. नुसत्या डबिंगवर जगणारे लोक असतीलही पण दार बहुतेक वेळा नाटकाच्याच बाजूने उघडतं.

तुमच्या लेकीला वुक विचारा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचं ते कोल्ह्याच्या पिल्लाचं कार्टून, हंगेरीत ते न बघता मोठं झालेलं पोर सापडणार नाही. त्या पिल्लाचा आवाज पोगान्य युदित यांचा, आणि तेव्हा त्या चाळिशीला टेकल्या होत्या. पण तेवढंच करत होत्या का, तर नाही, कापोश्वार या लहान गावातल्या थिएटरमध्ये वर्षानुवर्षं नाटकं करत होत्या, नंतर बुडापेस्टला आल्या. (आडनाव आधी लिहिलंय ती चूक नाही हं, हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात, आपल्या शाळेच्या हजेरीसारखं. तुम्हाला माहितीच आहे, बाकीच्यांसाठी सांगितलं.)

शिवाय तिथे डबिंगला हलकं काम समजत नाहीत. फ्लिन्टस्टोन्स या अमेरिकन कार्टूनचं हंगेरियन रोम्हान्यी योझेफ यांनी चक्क यमकात लिहिलं होतं, बोलताना एक मात्रा इकडची तिकडे झाली की सगळं ओंफस. मोठ्या परदेशी नट्यांचा तर ठरलेला हंगेरियन आवाज असतो, तो बदलला की लोक चिडतात. पण हे सगळं करायला जीभ, श्वास आणि कान लागतात, आणि ते तालमीतच तयार होतात.

आता पोटाचं. आपल्याकडे नाटकात नाईट मिळते, प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर घरी. तिथे सरकारी किंवा नगरपालिकेच्या थिएटरच्या कंपनीत घेतलं तर महिन्याचा पगार असतो. फार नसतो, माझी शेजारीण भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची आणि डबिंग नसतं तर भागलं नसतं असं स्वतःच म्हणायची. कंपनीत नाही घेतलं तर फ्रीलान्स, त्याला त्यांचा शब्द आहे सॉबॉदूसो, म्हणजे शब्दशः मोकळा पोहणारा, आणि पोहणं बंद केलं की काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. तेव्हा मिस्टरांना सांगताना ‘छान पैसे मिळतात’ असं सांगू नका. मिळतात, पण सगळ्यांना नाही आणि लवकर तर नाहीच.

रंगाचं मी गोड बोलणार नाही. तिथल्या स्टेजवर आपल्यासारखे चेहरे मला जवळजवळ दिसले नाहीत. कास्टिंगवाले आधी तिला ‘परदेशी मुलगी’ चा रोल देतील, तो दोन ओळींचा असेल, आणि तिला राग येईल. येऊ दे. पण एक गोष्ट लक्षात घ्या, त्या लोकांसाठी आत-बाहेरची रेघ बरीचशी भाषेवर आखलेली आहे. बोर्बेय आलेक्सांद्रा ही बाई हंगेरीत जन्मलेलीच नाही, स्लोव्हाकियातल्या नित्रा गावची, तिथल्या हंगेरियन बोलणाऱ्या घरातली. बुडापेस्टच्या कातोना थिएटरमध्ये नाटकं करता करता तिने एन्येदी इल्दिको यांच्या सिनेमात कत्तलखान्यातल्या मांस तपासणाऱ्या अबोल मुलीचं काम केलं, त्या सिनेमाला २०१७ मध्ये बर्लिन फिल्म फेस्टिव्हलचं गोल्डन बेअर आणि तिला त्याच वर्षी युरोपियन फिल्म अवॉर्डमध्ये बेस्ट अॅक्ट्रेस. ती गोरी आहे, तुमच्या लेकीशी तुलना पूर्ण बसत नाही हे मलाही कळतं. म्हणूनच लेकीचं डबिंगचं वेड मला शहाणपणाचं वाटतं, माइकसमोर फक्त उच्चार दिसतो.

आणि तो उच्चार किती अवघड आहे बघा. भाषेत चौदा स्वर, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की अर्थ बदलतो. द ब्रूटलिस्ट नावाच्या सिनेमात एड्रियन ब्रोडीला हंगेरियन बोलायचं होतं, त्याची आई मूळची हंगेरीची, तरी काही स्वर जमेनात म्हणून शेवटी एआय वापरून दुरुस्त केले, आणि त्यासाठी एडिटरने, जो स्वतः हंगेरियन आहे, आपला आवाज दिला. त्या रोलला पुढे ऑस्कर मिळालं. तुमची लेक ते स्वर फुकटात घेऊन बसलीय. हाच किस्सा उलट बाजूने पण वाचा : मशीन आता आवाजात शिरलंय, खारी आणि मोठ्या बहिणींची फुटकळ कामं पुढच्या काही वर्षांत कमी होतील असं मला वाटतं. म्हणून तर पुन्हा सांगते, फक्त माइकवर विसंबू नका, जिवंत माणसांसमोर उभं राहायला शिकू दे.

शिकायचं कुठे. मोठं नाव एकच, बुडापेस्टचं नाट्य आणि चित्रपट विद्यापीठ, लोक एसझेडएफई म्हणतात, मूळ १८६५ चं. अभिनयाचा कोर्स पाच वर्षांचा, एका वर्गात मूठभर मुलं, एका मुख्य शिक्षकाच्या हाताखाली, आणि एंट्रन्सच्या एकामागून एक फेऱ्या. पाठ कविता, स्वगतं, गाणी, मधेच ‘हेच आता रागाने म्हण’. शेकड्यांनी मुलं येतात आणि बरीच चांगली मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षी नाही झालं तर घरात सुतक पाळू नका. इथलं राजकारणही माहिती असू दे, २०२० मध्ये सरकारने विद्यापीठ नव्या फाउंडेशनच्या ताब्यात दिलं तेव्हा मुलं बिल्डिंग ताब्यात घेऊन दोन महिन्यांच्या वर बसून राहिली, बरेच शिक्षक सोडून गेले आणि त्यांनी फ्रीएसझेडएफई नावाने वेगळं शिकवणं सुरू केलं. दोन्हीकडच्या मुलांशी बोलल्याशिवाय फॉर्म भरू नका. थिएटरांना जोडलेले स्टुडिओ आहेत, पेश्ती मॉज्यॉर थिएटरची अकॅडमी त्यातलीच, आणि रोमानियात मारोशवाशारहेय इथे हंगेरियनमधून अभिनय शिकवणारं आर्ट्स विद्यापीठ आहे, ते बुडापेस्टवाल्यांच्या यादीत सहसा नसतं म्हणून मुद्दाम सांगतेय. फी तुमच्या तिथे राहण्याच्या परमिटच्या प्रकारावर ठरेल, ते विद्यापीठाला ईमेलवर विचारा, फोनवर मिळालेल्या उत्तराला अर्थ नाही. देशभरातला कॉलेजचा फॉर्म साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत भरायचा असतो, म्हणजे पुढच्या वर्षी बारावीला असताना. त्याच फॉर्मवर इतर कोर्सही मागता येतात, दुसरा पर्याय तिच्या पसंतीचा टाका. मेडिकल टाकायचं तर टाका, पण ताई, एवढ्या लांब पत्रात तिला बायोलॉजी आवडतं असं एकदाही आलेलं नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की सासूबाई म्हणतात ‘नाटकात चांगल्या घरच्या मुली जातात का’. तुम्ही रोज चार-सहा नंबरच्या ट्रामने जाता ना? त्या लाइनवर एक स्टॉप यासाइ मारी चौक, दुसरा ब्लाहा लुय्झा चौक. दोघी नट्या. दोघी १८५० मध्ये जन्मल्या, दोघी १९२६ मध्ये गेल्या. यासाइ मारी पोरवयात घरून पळून नाटक कंपनीत गेलेली. तुमच्या लेकीला शाळेत ‘माणसाची शोकांतिका’ हे मादाच या हंगेरियन लेखकाचं नाटक अभ्यासाला असणार, ते १८८३ मध्ये पहिल्यांदा स्टेजवर आलं तेव्हा त्यातली एव्हा, म्हणजे अॅडमची ईव्ह, तीच. ब्लाहा हे दुसरीच्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव, तो लवकर वारला, पुढे अजून लग्नं झाली पण स्टेजवर नाव तेच राहिलं. सासूबाईंना एवढं सांगा की तिकडे ट्रामचा कंडक्टर पण नट्यांची नावं पुकारतो. (कंडक्टर नाही, रेकॉर्डिंग असतं, पण त्यांना काय कळतंय.)

मला स्वतःला मात्र तोरोचिक मारी सांगावीशी वाटते. खेड्यातली मुलगी, अजून कॉलेजात शिकत होती तेव्हा सिनेमात हिरॉइन, तो १९५६ मध्ये फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला गेला. मग वीस वर्षांनी, १९७६ मध्ये, कानलाच बेस्ट अॅक्ट्रेस. रोल कोणाचा तर देरिनेचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाडीत सामान भरून गावोगाव नाटक करत फिरलेल्या नटीचा. मधली वीस वर्षं ती काय करत होती? तालीम, प्रयोग, सिनेमा, परत तालीम. हेच करिअर आहे ताई, बाकीचं सगळं पोस्टर. आणि दुसरं टोक पण दाखवते, कारादी कातालिन (कऱ्हाडची नव्हे). १९३९ च्या एका सिनेमाने रातोरात स्टार, १९४४ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, पकडलं, युद्धानंतर नव्या सरकारला नकोशी, १९५१ मध्ये देश सोडला आणि शेवटी न्यूयॉर्कमध्ये टोप्यांचं दुकान. हंगेरियन आवाज हंगेरीबाहेर विकला जात नाही. उद्या तुम्ही नाशिकला परत यायचं ठरवलं तर तिचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण नवरा-बायकोने बसून आधी त्याचं उत्तर काढा. ती तिथेच राहणार हे तुम्हाला मान्य असेल तरच यात पडा.

सध्या करायचं एवढंच. ११ एप्रिलला त्यांचा कविता दिवस असतो, योझेफ अॅतिला या कवीचा वाढदिवस, शाळांमधून पठणाच्या स्पर्धा होतात, त्यात तिला उभं करा. तोपर्यंत आठवड्याला एक कविता पाठ, आणि महिन्यातून दोन नाटकं, स्टुडंट तिकिटावर, घरी आल्यावर कोणाचं काम का आवडलं ते तिने मराठीत तुम्हाला सांगायचं. तुम्हाला कळेपर्यंत. आणि दोन कवितांचं ऑडिओ मला पाठवा, एक हळू आणि एक चिडकी. शब्द मला कळणार नाहीत, पण श्वास कुठे घेते ते ऐकू येईल.