आईला बांधलं असतं तर पडली नसती, असं हॉस्पिटल म्हणतंय, केस होईल का?

ताई, तुमचा मेसेज वाचला. आई ६७ वर्षांची, डिप्रेशनसाठी कोल्हापुरातल्याच एका प्रायव्हेट मानसिक रुग्णालयात ॲडमिट, झोपेच्या गोळीचा डोस वाढवला त्याच रात्री बाथरूमला जाताना पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनचा खर्च तुमच्या माथी, आणि वर मॅनेजमेंट म्हणतंय की रात्री स्टाफ कमी असतो, बांधायला तुम्हीच नको म्हणालात, शिवाय फॉर्मवर सही आहे.

आधी ते बांधायचं बघू. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९७. पेशंट तिथल्या तिथं स्वतःला नाहीतर दुसऱ्याला इजा करेल आणि दुसरा उपायच उरला नाही तरच बांधता येतं, तेही सायकियाट्रिस्टच्या परवानगीनं, नोंद करून. नुसता स्टाफ कमी आहे म्हणून बांधायचं नाही हे त्याच कलमात सरळ लिहिलंय. म्हणजे ते जे बचाव म्हणून सांगतायत ते त्यांच्याच अंगाशी येणार, व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल तर डिलीट करू नका. आणि सही म्हणाल तर ती उपचाराला संमती, हलगर्जीपणाला माफी नव्हे.

पण पेशंट पडला म्हणजे चूक सिद्ध झाली असंही नाही हां. धोका ओळखला होता का आणि ओळखून काय केलं, सगळी केस यावर. वय झालेलं, त्यात असल्या औषधांनी गुंगी येते, काहींनी उठल्या उठल्या बीपी खाली येतं, हे वॉर्डातल्या कुठल्याही सिस्टरला माहिती असतं, मग डोस वाढवल्यावर उभं करून बीपी बघितलं का, खाट खाली होती का, फरशी कोरडी होती का, बाथरूमला सोबत कोण होतं. ते म्हणतील गळफासाच्या भीतीनं बेलची वायर, धरायच्या दांड्या आम्ही ठेवत नाही, आणि ती अडचण खरी आहे, पण मग तिथं माणूस ठेवायला लागतो ना. खाटेला कठडे होते म्हणाले तरी गप्प बसू नका, गुंगीतला पेशंट कठडा ओलांडायला जातो आणि जास्त उंचीवरनं पडतो.

आता काम. पूर्ण केसपेपर, नर्सिंग चार्ट, औषधांच्या नोंदी यासाठी लेखी अर्ज द्या, आईची सही घ्या, पोहोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत रेकॉर्ड द्यायला लागतं. त्याच अर्जात पॅसेजचं सीसीटीव्ही जपून ठेवा असं लिहा, जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवीन चढत राहतं, हे आजच करा.

दावा जिल्हा ग्राहक आयोगात, मुदत २ वर्षं, हॉस्पिटलला दिलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर फी नाही. कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं म्हणून हल्ली जो तो थेट हायकोर्टात जाऊ म्हणतो, तुमचं काम तिथलं नाही. पोलिस केसच्या मागं पण लागू नका, डॉक्टरवर फौजदारी लावायला निष्काळजीपणा फार गंभीर लागतो, सुप्रीम कोर्टानं २००५ मध्येच सांगितलंय.

चार्ट हातात आला की पाठवा, तो बघितल्याशिवाय केस टाका असं मी सांगणार नाही.