मुलाला हरिकेनच्या मागे जाऊन क्लेम अ‍ॅडजस्टर व्हायचंय, जाऊ द्यावं का?

ह्यूस्टनजवळच्या केटीहून एका ताईंचं पत्र आलंय, बरंच मोठं आहे म्हणून आधी थोडक्यात सांगते. मुलगा 23 वर्षांचा, जन्म इथलाच म्हणजे अमेरिकन सिटिझन, कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं करून शिक्षण सोडलं आणि गेलं वर्षभर एका रूफिंग कॉन्ट्रॅक्टरकडे काम करतोय. जुलै 2024 मधे बेरिल हरिकेन आलं तेव्हा त्यांच्या घराच्या छपराचं नुकसान झालं, इन्शुरन्सचा क्लेम बघायला जो माणूस म्हणजे अ‍ॅडजस्टर आला त्याच्याबरोबर हा शिडी धरायला उभा राहिला आणि तेव्हापासून डोक्यात हेच आहे. आता व्हिडिओ बघून म्हणतोय की लायसन्स काढतो, पिकअप घेतो, सीझन सुरू झाला की फ्लोरिडा, लुइझियानाला जातो आणि सहा महिन्यांत लाख डॉलर कमावतो. बाबा आयटीत आहेत, त्यांना हे अजिबात पटलेलं नाही. ताई विचारतायत की हे खरंच काम आहे का कुणीतरी पोराला गंडवतंय, धोका किती, आणि पिकअपसाठी पैसे द्यावेत का. रत्नागिरीच्या भाच्याचंही विचारलंय, ते शेवटी घेते.

ताई, सगळ्यात आधी हे सांगते की काम खरं आहे आणि चांगलं आहे. ज्याच्या घराचं छप्पर उडालंय, आत गाद्या भिजल्यात, वर निळी ताडपत्री टाकलीये, त्या माणसाच्या दारात इन्शुरन्स कंपनीच्या वतीने पहिल्यांदा जो येऊन उभा राहतो तो हा. त्याने नीट बघितलं, नीट मोजलं, नीट लिहिलं तर त्या कुटुंबाला घर उभं करायला पैसे मिळतात आणि त्याने घाई केली तर ते लोक वर्षभर भांडत बसतात. त्यामुळे तुमच्या मुलाला त्या दिवशी हे काम आवडलं असेल तर त्यात वेडेपणा काही नाही. माझं म्हणणं फक्त एवढंच आहे की त्याने सुरुवात चुकीच्या टोकाकडून करायचं ठरवलंय, आणि ते का हे तुम्हाला आणि खास करून त्याच्या बाबांना समजावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अ‍ॅडजस्टर तीन प्रकारचे असतात. स्टाफ अ‍ॅडजस्टर म्हणजे इन्शुरन्स कंपनीचा पगारी माणूस, त्याला महिन्याचा पगार, हेल्थ इन्शुरन्स, बऱ्याचदा कंपनीची गाडी. पब्लिक अ‍ॅडजस्टर हा घरमालकाच्या बाजूने क्लेम लढवतो आणि मिळालेल्या रकमेतला टक्का घेतो, टेक्सासमधे त्याला कायद्याने 10 टक्क्यांची मर्यादा आहे. आणि तुमच्या मुलाला जे व्हायचंय ते म्हणजे इंडिपेंडंट, त्यातही कॅटॅस्ट्रॉफी किंवा सगळे म्हणतात तसं कॅट अ‍ॅडजस्टर. मोठं वादळ आलं की कंपनीकडे काही दिवसांत हजारो क्लेम येतात, तेवढी माणसं पगारावर नसतात, मग ती ते क्लेम इंडिपेंडंट अ‍ॅडजस्टिंग फर्मकडे देते, फर्मकडे लायसन्सवाल्या लोकांची यादी असते ज्याला रोस्टर म्हणतात, आणि त्या यादीतून फोन जातात की दोन दिवसांत टँपाला पोचशील का.

पैशाचं गणित व्हिडिओत अर्धंच सांगतात. पगार नसतो, प्रत्येक क्लेममागे फी असते, ती क्लेमच्या रकमेप्रमाणे ठरलेल्या फी शेड्यूलवर मिळते आणि त्यातला हिस्सा फर्म ठेवते, अ‍ॅडजस्टरच्या हातात साधारण 60 ते 70 टक्के येतात. ती फीसुद्धा फाइल क्लोज झाल्यावर मिळते. म्हणजे घर बघितलं, फोटो काढले, एस्टिमेट पाठवलं, वर बसलेल्या एक्झामिनरने ते परत पाठवलं की हा फोटो नाही, ही खोली नीट मोजलेली नाही, मग दुरुस्ती, मग मंजुरी, मग पैसे, आणि यात पहिला चेक यायला महिना दीड महिना सहज जातो. तोवर मोटेल, पेट्रोल, जेवण, सॉफ्टवेअर सगळं पदरचं, आणि वादळानंतर त्या भागात मोटेल मिळतच नाही, मिळालं तर दर चढलेले, नाहीतर दीड-दोन तासांवर राहून रोज ये-जा. शिवाय 1099 वर म्हणजे पगारी नोकर न राहता स्वतंत्र कंत्राटदार म्हणून काम असल्यामुळे टॅक्स कुणी कापत नाही, इन्कम टॅक्स वेगळा आणि 15.3 टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स वेगळा, तो दर तिमाहीला आपणच भरायचा. वादळात हाती आलेली सगळी रक्कम आपलीच समजून खर्च करणाऱ्या पोरांचे एप्रिलमधे टॅक्स भरायच्या वेळी हाल होतात.

आणि वादळ आलंच नाही तर? हा प्रश्न त्याला नक्की विचारा. 2024 मधे अमेरिकेच्या किनाऱ्यावर बेरिल, डेबी, फ्रान्सीन, हेलीन आणि मिल्टन अशी पाच हरिकेन धडकली, हेलीन आणि मिल्टनमधे तर जेमतेम दोन आठवड्यांचं अंतर होतं, त्या वर्षी ज्यांनी काम केलं तेच लोक व्हिडिओ करतायत. 2025 मधे एकही हरिकेन अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आलं नाही. जमैकाची मेलिसाने वाट लावली, पण टेक्सास, फ्लोरिडाचं लायसन्स घेऊन फोनची वाट बघत बसलेल्यांना त्याचा काय उपयोग. आणि हे एकाच वर्षाचं नाही, ऑक्टोबर 2005 मधल्या विल्मानंतर ऑगस्ट 2017 मधल्या हार्वेपर्यंत कॅटेगरी 3 किंवा त्यावरचं एकही हरिकेन अमेरिकेत जमिनीवर आलं नव्हतं, जवळजवळ बारा वर्षं! लहान हरिकेन आली, आइकने 2008 मधे गॅल्व्हस्टनची काय अवस्था केली ते तुमच्याकडच्या जुन्या लोकांना विचारा, पण दरवर्षी जूनला काम मिळणारच असा हिशोब धरून घर चालत नाही. सीझन कागदावर 1 जून ते 30 नोव्हेंबर, खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. म्हणून जे लोक यात टिकलेत ते वसंतात टेक्सास, ओक्लाहोमा, कोलोरॅडोमधे गारांचे क्लेम करतात, हिवाळ्यात पाइप फुटल्याचे करतात, हरिकेनवर एकट्यावर कुणी बसत नाही.

लायसन्सचं सोपं आहे. टेक्सासचं ऑल लाइन्स अ‍ॅडजस्टर लायसन्स 40 तासांच्या मान्य कोर्सने आणि त्यातल्याच परीक्षेने मिळतं, बोटांचे ठसे द्यायचे, अर्ज करायचा, मग दर दोन वर्षांनी 24 तासांचं कंटिन्यूइंग एज्युकेशन. ते होम स्टेटचं लायसन्स दाखवून फ्लोरिडा, लुइझियानासारख्या बऱ्याच राज्यांचं परीक्षा न देता काढता येतं, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया मात्र स्वतःची परीक्षा घेतात. पण ताई, जे इतकं सोपं असतं ते सगळ्यांकडे असतं. मोठ्या वादळाच्या बातम्या आल्या की असंख्य लोक लायसन्स काढतात, रोस्टरवर नाव लावतात आणि फोन येतच नाही, कारण फर्म आधी अनुभवी माणसांना बोलावते. नवीन माणसाला नंबर लागतो तो फारच मोठं वादळ असेल तेव्हा.

एक गोष्ट त्याला बहुतेक माहीत नसेल. टेक्सासच्या कायद्यात असं आहे की जो रूफिंगचा धंदा करतो किंवा रूफिंगच्या सेवा देतो त्याला इन्शुरन्स कंपनीच्या वतीने छपराच्या नुकसानीचे क्लेम बघता येत नाहीत. म्हणजे इकडे कॉन्ट्रॅक्टरकडेही राहीन आणि तिकडे अ‍ॅडजस्टिंगही करीन हे चालणार नाही, एकच निवडावं लागेल. रूफिंगमधे शिकलेलं वाया मात्र अजिबात जात नाही उलट तीच त्याची खरी शिदोरी आहे, शिंगल म्हणजे छपरावरची पट्टी वाऱ्याने उचकटलीये का जुनी होऊन वाळलीये, गारेचा मार आहे का बुटाने घासलंय, हे ज्याला छपरावर उभं राहून कळतं तो वर्गात शिकलेल्या दहा जणांच्या पुढे असतो.

त्याला येत नसेल ते पॉलिसी वाचणं. या कामातला खरा कस इथे लागतो. साध्या होमओनर्स पॉलिसीत पुराचं पाणी कव्हर नसतं, त्यासाठी वेगळी फ्लड पॉलिसी लागते जी बहुतेक वेळा सरकारच्या नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅमची असते, आणि त्यात घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख. हार्वेत ह्यूस्टन भागात बुडालेल्या बहुतेक घरांकडे ती नव्हतीच. आता किनाऱ्यावरच्या घरात जाऊन बघा, भिंत पडलीये, ती वाऱ्याने पडली का लाटेने? वाऱ्याने पडली तर एक कंपनी पैसे देणार, पाण्याने पडली तर दुसरी, आणि फ्लड पॉलिसी नसेल तर कुणीच नाही. 2005 मधे कतरिनानंतर मिसिसिपी, लुइझियानात याच एका प्रश्नावर वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. अ‍ॅडजस्टरला तिथे भिंतीवरची पाण्याची रेघ बघावी लागते, छपरातून पाणी आत यायला वाऱ्याने भोक पाडलंय का ते शोधावं लागतं, आणि समोर घरातली बाई रडत असते. शिवाय हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला घरमालकाने स्वतः सोसायचा भाग, घराच्या विम्याच्या रकमेच्या टक्केवारीत असतं, चार लाखांच्या घराला 5 टक्के म्हणजे वीस हजार डॉलर घरमालकाच्या खिशातून, ही गोष्ट अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळते, आणि ती सांगायचं काम या 23 वर्षांच्या पोराला करायचंय. त्याला ते शांतपणे, माणसासारखं सांगता यायला हवं. फ्लडचे क्लेम तर त्याला इतक्यात करताही येणार नाहीत, त्या सरकारी प्रोग्रॅमच्या ऑथरायझेशनला सलग चार वर्षांचा प्रॉपर्टी क्लेमचा पूर्णवेळ अनुभव लागतो.

दुसरं शिकायचं ते एक्झॅक्टिमेट. एस्टिमेट करायचं हे सॉफ्टवेअर बहुतेक कंपन्या वापरतात, घराचा स्केच काढायचा, खोलीनिहाय काय काढायचं काय बसवायचं ते टाकायचं, दर त्या भागाच्या प्राइस लिस्टमधून येतात. हात बसलेला माणूस एक घर संध्याकाळी तासा-दोन तासांत लिहितो, नवखा रात्रभर बसतो आणि सकाळी परत चार घरं असतात. पैसे कमावणारे आणि दोन आठवड्यांत घरी परतणारे यांच्यात मला दिसलेला मोठा फरक हाच आहे, त्यामुळे सहा महिने रोज बसून सराव करायला सांगा, स्वतःच्या घराचा, मित्रांच्या घरांचा स्केच काढायला सांगा.

आता एक नाजूक गोष्ट. सप्टेंबर 2022 च्या इयान हरिकेननंतर काही अ‍ॅडजस्टरांनी फ्लोरिडाच्या विधिमंडळापुढे जाऊन साक्ष दिली की त्यांनी लिहिलेली एस्टिमेट नंतर बदलून रकमा कमी केल्या गेल्या, आणि नाव मात्र त्यांचंच ठेवलं. ही माणसं आपली रोजीरोटी पणाला लावून उभी राहिली याचं मला फार मोल वाटतं. त्याला पहिल्या दिवसापासून सवय लावा, प्रत्येक फाइलची आपण पाठवलेली प्रत तारखेसकट जपून ठेवायची, फोटो भरपूर काढायचे, आणि जे डोळ्यांनी बघितलं नाही ते लिहायचं नाही, कुणाच्याही सांगण्यावरून, मग पुढचं काम गेलं तरी चालेल. उलट बाजूनेही तेच, घरमालक गयावया करतोय म्हणून जुनं नुकसान नवीन दाखवायचं नाही.

धोक्याचं विचारलंत, आहे. ओल्या छपरावर चढायचं नाही, चढ जास्त असेल तर दोरवाली मदत मागवायची, फर्म ती देतात, तुटलेल्या वायरी आणि ओल्या घरातली बुरशी सांभाळायची. रूफरला हे नवीन नाही. मला त्याहून जास्त काळजी बारा-चौदा तासांच्या दिवसांनंतर दोन तास गाडी चालवण्याची वाटते.

मग करावं काय? लायसन्स आत्ता काढू दे, त्यात नुकसान काही नाही. पण पहिली दोन वर्षं स्टाफ अ‍ॅडजस्टर म्हणून किंवा फर्मकडे डेस्कवर काढावीत असं माझं ठाम मत आहे, मोठ्या कंपन्या नवीन लोकांना ट्रेनिंग देऊन घेतात आणि डिग्री नसली तरी बांधकामाचा अनुभव मोजला जातो. तिथे पॉलिसी वाचायला शिकवतात, चुका धरणारा वरिष्ठ असतो, आणि हल्ली छपराची मापं विमानातून काढलेल्या फोटोंवरून आणि ड्रोनवरून येत असल्यामुळे बरेच क्लेम ऑफिसातच बसून होतात, ते कामही हातात राहतं. त्या दोन वर्षांत सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला की मग खुशाल जाऊ दे वादळामागे, तेव्हा त्याचं नाव रोस्टरवर वर असेल. तो ऐकणारच नसेल आणि यंदाच जायचं म्हणत असेल तर निदान एखाद्या अनुभवी अ‍ॅडजस्टरबरोबर मदतनीस म्हणून जाऊ दे, आणि "आमच्याकडून कोर्स घ्या, काम नक्की देतो" म्हणणाऱ्या कुणालाही एक डॉलर देऊ नका.

त्याच्या बाबांना सांगा की आयटीत कॉन्ट्रॅक्टवर राहणारे आपलेच किती लोक आहेत, तेही प्रोजेक्ट संपलं की बेंचवर बसतातच. डिग्रीची काळजी वाटत असेल तर स्टाफच्या नोकरीत राहून इन्शुरन्समधल्या परीक्षा देता येतात, अनेक कंपन्या त्याचे पैसे भरतात, आणि पुढे लार्ज लॉस म्हणजे मोठ्या नुकसानीचे, मग कमर्शिअल क्लेम असा चढता रस्ता आहे.

भाच्याचं. तो सिव्हिल डिप्लोमावाला आहे आणि त्याला इथे येऊन हे करायचंय, तर स्पष्ट सांगते, या कामासाठी म्हणून तिकडून व्हिसा मिळत नाही, असं सांगणारा एजंट फसवतोय. एच-वन-बी वर असलेल्यालाही इंडिपेंडंट म्हणून काम करता येत नाही. पण त्याने आपल्याकडचं सर्व्हेयर आणि लॉस असेसरचं काम बघावं, आयआरडीएआय म्हणजे भारतातल्या विमा नियामकाचं लायसन्स लागतं, आधी लायसन्सधारक सर्व्हेयरच्या हाताखाली ट्रेनिंग आणि परीक्षा. जून 2020 मधे निसर्ग वादळाने रायगड, रत्नागिरीत घरं, बागा, कारखान्यांच्या शेड उडवल्या, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते, कोकणात हे काम जाणणारी माणसं हवीच आहेत.

आणि पिकअप. आत्ता नको. स्टाफच्या नोकरीत बऱ्याचदा गाडी मिळते, सुरुवातीला साध्या कारमधे मावणारी घडीची शिडी, 25 फुटी टेप, चांगल्या पकडीचे बूट, मॉइश्चर मीटर आणि बऱ्यापैकी लॅपटॉप एवढं पुरतं. द्यायचेच असतील तर कोर्सचे आणि एक्झॅक्टिमेटच्या सबस्क्रिप्शनचे द्या, आणि 26 पूर्ण होईपर्यंत तो तुमच्या हेल्थ इन्शुरन्सवर राहू शकतो, तिथून त्याचं नाव काढू नका.